पीएचपी येतं, पण सांगायला लाज वाटते

वाचकाचं पत्र

नमस्कार, मी सांगलीचा. बीसीएस झाल्यावर चार वर्षं पुण्यातल्या एका कंपनीत पीएचपी या वेबसाइटच्या भाषेवर काम केलं. वडिलांच्या आजारपणामुळे परत आलो आणि आता एका मित्रासोबत वेबसाइट बनवून द्यायचं काम सुरू केलंय. सध्या हातात तीन कामं आहेत. मिरजेतल्या एका सतारमेकरांना त्यांच्या वाद्यांची साइट हवी आहे, बाहेरच्या देशांतूनही विचारणा येते म्हणतात. मार्केट यार्डातल्या काही हळद व्यापाऱ्यांना सौद्यांचे भाव निघतील तसे मोबाइलवर बघायचे आहेत. आणि एका क्लासच्या सरांना शाळेतल्या शिष्यवृत्ती परीक्षेसाठी मराठीतून ऑनलाइन सराव चाचण्या घ्यायच्या आहेत. मित्र म्हणतो, सगळं नोडमध्ये, म्हणजे सर्व्हरवरही जावास्क्रिप्टमध्येच करू, ब्राउझर आणि सर्व्हर दोन्हीकडे एकच भाषा. धाकटी बहीण इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिचं म्हणणं, पायथन ही भाषा सोडून आता काही शिकूच नको, एआय सगळं तिथेच आहे. मला पीएचपी चांगलं येतं, पण हल्ली ते सांगायची लाज वाटते. जिथे बघावं तिथे त्याची टिंगल चाललेली असते. तिन्ही कामांना तीन भाषा घ्याव्यात की एकच धरावी? आणि कोणती?
– अ. पा., सांगली

उत्तर

प्रिय अ. पा.,

आधी उत्तर देतो, मग कारणं. तुम्ही दोघंच आहात. सर्व्हरवर एकच भाषा धरा आणि ती पीएचपी असू द्या. ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट लागणारच, ते मित्राकडे द्या. बहिणीच्या पायथनलाही या कामांत एक चांगली जागा आहे, ती पुढे सांगतो. हळदीच्या कामात मात्र एक गोष्ट व्यापाऱ्यांना विचारून घ्यायला हवी. तिच्या उत्तरावरून माझं मत बदलू शकतं.

भाषा निवडताना लोक वेगाचे आकडे बघतात, लिहायला कोण सुटसुटीत ते बघतात, नोकरीच्या जाहिराती मोजतात. तुमच्यासारख्या छोट्या व्यवसायाने मी आधी वेगळंच विचारायला सांगेन: दोन वर्षांनी ही साइट बिघडली तर ती कोण उघडून बघणार? गिऱ्हाइकाच्या घरात प्रोग्रामर नसतो. सतारमेकरांना तारा आणि भोपळे कळतात, डिप्लॉयमेंट (साइट सर्व्हरवर चढवणं) कळत नाही आणि कळायची गरजही नाही. तुम्ही त्यांच्या हातात देता ते पुढची सात-आठ वर्षं चालायला हवं. त्यातली बरीच वर्षं ते कुणा तिसऱ्याच्याच हाती असणार. त्या तिसऱ्या माणसाला फाइल उघडल्यावर काय चाललंय ते समजलं पाहिजे, आणि असा माणूस सांगली-कोल्हापूर पट्ट्यात शोधला तर सापडला पाहिजे.

एका शाळेची साइट मला दुरुस्तीला आली होती. बांधणाऱ्याने त्या वर्षी गाजत असलेली सगळी साधनं वापरली होती. पुढे तो परदेशी गेला. पॅकेजांच्या (इतरांनी लिहिलेल्या तयार कोडच्या) जुन्या आवृत्त्या एकमेकींशी जुळेनात, नव्या घेतल्या तर अर्धी साइट पडे. मुख्याध्यापिकाबाईंना फक्त प्रवेशाची सूचना बदलायची होती. एका सूचनेसाठी सगळी साइट नव्याने लिहावी लागली आणि त्याचा खर्च शाळेवर पडला. त्या कामापासून मी भाषेकडे बांधणाऱ्याच्या बाजूने कमी आणि वापरणाऱ्याच्या बाजूने जास्त बघतो.

आता लाजेचं. पीएचपीची टिंगल का होते याला खरी कारणं आहेत आणि ती तुम्हाला माहीत असावीत. रास्मुस लेरडॉर्फ यांनी १९९४ मध्ये आपला ऑनलाइन बायोडाटा कोण कोण बघतं हे टिपायला सी भाषेत काही छोटी साधनं लिहिली आणि १९९५ मध्ये ती सगळ्यांसाठी खुली केली. भाषा घडवायचा बेतच नव्हता, ती वापरता वापरता वाढत गेली. त्यामुळे शोधायच्या एका फंक्शनला आधी गवत (ज्यात शोधायचं ते) आणि मग सुई (जे शोधायचं ते) द्यावी लागते, तर दुसऱ्याला आधी सुई आणि मग गवत. पूर्वी पत्त्याच्या ओळीतून आलेली कुठलीही किंमत थेट प्रोग्रामच्या व्हेरिएबलमध्ये जाऊन बसायची. ही धोकादायक सोय २००२ पासून मुळात बंद ठेवली जाऊ लागली, पण भाषेतून ती काढून टाकायला २०१२ उजाडलं. आवृत्ती ८ येईपर्यंत शून्य हा आकडा आणि एखादा साधा शब्द यांची सैल तुलना केली तर पीएचपी त्यांना समान ठरवत असे. या सगळ्याने लोकांचे हात पोळलेले आहेत.

पण ती टिंगल बहुतेक वेळा आवृत्ती ५ आणि तिच्या आधीच्या पीएचपीची असते. डिसेंबर २०१५ मधल्या ७ व्या आवृत्तीने वेग जवळपास दुप्पट केला आणि डेटाबेसशी बोलायची जुनी, असुरक्षित फंक्शनं काढून टाकली. नोव्हेंबर २०२० मध्ये आठवी आली. आवृत्ती ५ नंतरच्या काळात पॅकेजं आणून देणारं कंपोझर आलं, टाइप (माहितीचा प्रकार) लिहायची सोय आली, लाराव्हेल आणि सिम्फनीसारखी फ्रेमवर्कं (साइटचे तयार सांगाडे) स्थिरावली. मराठी विकिपीडिया तुम्ही वाचता तो पीएचपीवर चालतो, कारण त्याच्या खालचं मीडियाविकी पीएचपीत आहे. कितीतरी महाविद्यालयांत अभ्यासक्रमासाठी वापरलं जाणारं मूडल पीएचपीत आहे. वर्डप्रेस तर जगातल्या दर पाच वेबसाइटींपैकी दोनांच्या खाली असतं. चार वर्षं ज्या साधनावर तुमचा हात बसला, ते साधन चांगल्या अवस्थेत आहे. गिऱ्हाइकाला तुमचा बसलेला हात हवा असतो. लाजायचंच असेल तर जुन्या धड्यांतून उचललेल्या सवयींची लाज धरा: वापरणाऱ्याने टाइप केलेला मजकूर थेट डेटाबेसला विचारायच्या एसक्यूएलच्या वाक्यात चिकटवणं, पासवर्ड एमडी५ या जुन्या, कच्च्या पद्धतीने झाकून ठेवणं. त्या मोडा, बाकी ताठ मानेने सांगा.

मित्राच्या नोडवर मी जरा सविस्तर बोलतो, कारण त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे आणि ते कुठवर आहे हे नीट बघायला हवं. जावास्क्रिप्ट १९९५ मध्ये ब्रेंडन आइक यांनी नेटस्केपसाठी अवघ्या दहा दिवसांत उभी केली, ती ब्राउझरसाठी. २००९ मध्ये रायन डाल यांनी तिला नोडच्या रूपाने सर्व्हरवर आणलं. नोडची खरी ताकद तिच्या चालण्याच्या पद्धतीत आहे. एक प्रोसेस (चालता प्रोग्राम) सतत चालू राहते आणि हजारो जोडण्या एकाच वेळी उघड्या ठेवू शकते, कारण डेटाबेसच्या किंवा नेटवर्कच्या उत्तरासाठी ती थांबून राहत नाही. एकाचं काम बाहेर गेलं की ती दुसऱ्याचं हातात घेते. एका खिडकीवर एकच चपळ कारकून बसावा, तसं. पण त्याच कारकुनाला कुणी मोठा हिशेब घालायला बसवलं तर मागची सगळी रांग थांबते. हजार मुलांच्या निकालाची आकडेमोड नोडच्या मुख्य प्रोसेसमध्येच केली, तर तेवढा वेळ बाकी कुणालाही पान मिळत नाही.

पीएचपीत नेमकं उलटं. प्रत्येक विनंती कोऱ्या पाटीवर सुरू होते आणि पान पाठवून झालं की तिची मेमरी मोकळी होते. एका पानावर मोठी चूक झाली तरी तेवढंच पान पडतं, शेजारच्या माणसाला कळतही नाही. नोडमध्ये न पकडलेली एक चूक सगळी प्रोसेस पाडू शकते, म्हणून ती पुन्हा उठवणारं पीएम२ किंवा सिस्टिमडी मागे लावावं लागतं. दिवसेंदिवस चालणाऱ्या प्रोसेसमध्ये मेमरी कुठे गळत असेल तर ती साठत जाते. या सगळ्यावर उपाय आहेत, पण ते करायला जागा माणूस लागतो. रात्री दीड वाजता सतारमेकरांची साइट पडली तर तो जागा माणूस तुम्हीच.

होस्टिंगचा मुद्दाही इथूनच निघतो. पीएचपीची साइट वर्षाला काही हजारांच्या साध्या शेअर्ड (अनेकांच्या सामायिक सर्व्हरवरच्या) होस्टिंगवर बसते, सीपॅनेल या नियंत्रण-पानातून फाइल चढवली की चालू. नोडला किंवा पायथनला चालती प्रोसेस लागते, म्हणजे बहुतेक वेळा व्हीपीएस (भाड्याने घेतलेला स्वतंत्र आभासी सर्व्हर) आला. व्हीपीएस हल्ली महाग नाही. पण त्याच्यावरची लिनक्स अद्ययावत ठेवणं, बॅकअप, फायरवॉल हे सगळं कुणाचं तरी काम होऊन बसतं. गिऱ्हाईक त्याचे पैसे द्यायला तयार असेल तर जरूर घ्या, नाहीतर ते फुकटात तुमच्या गळ्यात पडतं.

"दोन्हीकडे एकच भाषा" हे आकर्षण मला कळतं. फॉर्म तपासायचे नियम एकदाच लिहून दोन्हीकडे वापरता येतात, हा खरा फायदा आहे. पण सर्व्हरवरचं अवघड ज्ञान भाषेच्या व्याकरणात नसतं. लॉगिन केलेल्याचं सत्र कसं सांभाळायचं, दोन माणसांनी एकाच वेळी शेवटची जागा बुक केली तर काय, ट्रान्झॅक्शन (सगळे बदल एकदम, नाहीतर एकही नाही) कुठे सुरू करून कुठे संपवायचं, हे नोडमध्येही तितकंच शिकावं लागतं. तुम्ही ते पीएचपीत शिकलेला आहात. आणखी एक काळजी एनपीएमच्या, म्हणजे जावास्क्रिप्टच्या कोठारातल्या पॅकेजांची. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचं अकरा ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने काढून घेतलं आणि जगभर हजारो प्रकल्पांचं बिल्ड अडलं. त्यानंतर पॅकेज काढून घेण्याचे नियम कडक झाले. तरी एका छोट्या साइटच्या पोटात शेकडो पॅकेजं असतात ही परिस्थिती तशीच आहे. मित्राने नोडमध्ये काम केलं तर टाइपस्क्रिप्ट (टाइप लिहायची सोय असलेली जावास्क्रिप्ट) वापरायला आणि पॅकेज घेताना हात आखडता ठेवायला सांगा.

आता तुमची कामं.

सतारमेकरांसाठी एक ओळही नव्याने लिहू नका असंच मी सांगेन. वर्डप्रेस घ्या, मोजकी प्लगइनं लावा, आपोआप अद्ययावत होण्याची सोय चालू ठेवा. तिथे प्रत्येक सतार वेगळी असते, घडायला वेळ लागतो, किंमत बोलून ठरते. कार्टपेक्षा नीट फोटो, वाजवलेल्या नादाची छोटी ध्वनिफीत आणि विचारणेचा फॉर्म जास्त उपयोगाचा. घरातल्या कुणालाही फोनवरून नवा फोटो चढवता आला पाहिजे. वर्डप्रेसच्या साइट हॅक होतात त्या बहुतेक जुन्या, सोडून दिलेल्या प्लगइनांमुळे, म्हणून "मोजकी" हा शब्द मनावर घ्या.

हळदीच्या भावांचं काम ऐकून मित्राला लगेच वेबसॉकेट, म्हणजे सतत उघडी राहणारी जोडणी, सुचलं असेल. जरा हिशेब करू. समजा तीनशे व्यापारी पान उघडून बसलेत आणि प्रत्येकाचा फोन दर दहा सेकंदांनी ताजा भाव मागतो. म्हणजे सेकंदाला तीस विनंत्या. नवा भाव नोंदला गेला की तुमचा पीएचपीचा प्रोग्राम एक छोटी जेसन (साध्या मजकुरातल्या माहितीची) फाइल लिहून ठेवील, आणि तीसही विनंत्यांना ती फाइल एनजिनएक्स हा वेब सर्व्हरच परस्पर देऊन टाकील. पीएचपीला उठवायचीही गरज नाही. सगळ्यात लहान व्हीपीएससुद्धा हे घाम न येता करतो. हे काम करताना जोडण्या उघड्या ठेवायच्या फंदात मात्र पीएचपीत पडू नका. तिथे प्रत्येक उघडी जोडणी एक वर्कर (विनंती हाताळणारी प्रोसेस) अडवते. वर्कर पन्नास असतील तर एक्कावन्नावा माणूस पांढऱ्या पडद्याकडे बघत बसतो.

खरा उशीर कुठे होतो ते यार्डात जाऊन बघा. सौदा फुटतो, अडत्याचा दिवाणजी पावतीवर लिहितो, आणि तो आकडा तुमच्या साइटवर कुणीतरी टाइप करायचा असतो. दोन मिनिटं जातील ती तिथे. त्या टाइप करणाऱ्या माणसाला फोनवर मोठी बटणं, कालचा भाव आधीच भरलेला आणि एका अंगठ्याने नोंद करता येईल असा पडदा द्या. भाषेच्या निवडीने सेकंद वाचेल, त्या पडद्याने मिनिटं वाचतील.

तुम्ही विचारायची गोष्ट हीच: व्यापाऱ्यांना फक्त भाव दिसायला हवा आहे, की पुढेमागे बोलीही फोनवरूनच लावायची आहे? बोली लागणार असेल तर काम मुळातूनच वेगळं होतं. कुणाची बोली आधी आली यावर पैसे आणि भांडणं ठरतील, प्रत्येक फोनशी जोडणी उघडी ठेवावी लागेल. तिथे नोड शोभते आणि मी स्वतः नोडच निवडेन. मात्र बोलीचा निकाल प्रोसेसच्या मेमरीत न ठेवता डेटाबेसच्या ट्रान्झॅक्शनमध्येच लावावा लागेल. त्याची किंमत आणि मुदतही नुसत्या भावांच्या कामापेक्षा कितीतरी जास्त असेल. शब्द देण्याआधी हे विचारून घ्या.

क्लासच्या चाचण्यांचं काम मला तिन्हींत सगळ्यात आवडलं. कोऱ्या पाटीवरून सुरुवात करणाऱ्याला इथे मी जँगो हे पायथनचं फ्रेमवर्क सुचवलं असतं. ते अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, लॉरेन्स गावच्या एका दैनिकाच्या कचेरीत तयार झालं आणि २००५ मध्ये खुलं झालं. बातमीदारांना तासाभरात काही नवं हवं असायचं, त्या गरजेतून त्याचं अ‍ॅडमिन पान आलं. टेबलं सांगितली की माहिती भरायचे पडदे आपोआप मिळतात. प्रश्नपेढीला हे फार सोयीचं. पण तुम्हाला पीएचपी येतं, आणि लाराव्हेलवर असे अ‍ॅडमिन पडदे देणारी तयार पॅकेजं आहेत. नवी भाषा, नवं फ्रेमवर्क आणि नवं गिऱ्हाईक हे तिन्ही एकाच कामात आणू नका. लाराव्हेल घ्या.

या कामाची कसोटी रविवारी सकाळी दहाला लागेल, जेव्हा सगळी मुलं एकदम पेपर उघडतील. प्रत्येक उत्तराला सर्व्हर गाठायची सोय ठेवलीत तर सर्व्हरही दमेल आणि तासगाव-जतकडच्या एखाद्या वस्तीवरचं मूल रेंज गेली म्हणून रडेल. सगळे प्रश्न सुरुवातीलाच फोनवर उतरवा, उत्तरं ब्राउझरच्या स्वतःच्या साठ्यात ठेवा, रेंज आली की गठ्ठ्याने पाठवा. पेपर किती वाजता सुरू झाला ही वेळ मात्र सर्व्हरवरची धरा, फोनवरची नको. हे सगळं नाजूक जावास्क्रिप्ट आहे. मित्राला ते मनापासून करू द्या, त्याची आवड इथे मुलांच्या कामी येईल.

आणि बहिणीची जागा इथे आहे. चाचणी संपल्यावर रात्री चालणारी एक पायथनची स्क्रिप्ट तिला लिहायला सांगा. डेटाबेसमधून उत्तरं फक्त वाचायची आणि सरांना सांगायचं: कुठला प्रश्न हुशार मुलांनाही चुकला, कुठल्या चुकीच्या पर्यायाने सगळ्यांना फसवलं, अपूर्णांकांत कोण सतत अडतं. पायथनच्या पँडाज या साधनाने हे थोड्या ओळींत होतं. स्क्रिप्ट पडली तरी चाचण्या चालू राहतात, त्यामुळे तिला शिकताना चुका करायची मोकळीक मिळते. तिच्या एआयच्या म्हणण्याबद्दल एवढंच: मॉडेल घडवायचं तर पायथनच, त्यात ती बरोबर आहे. पण तयार मॉडेलला साइटवरून प्रश्न विचारणं म्हणजे एक एचटीटीपी विनंती, ती कुठलीही भाषा करते. पायथन आपल्याकडे वेबसाठीही उत्तम वापरलं जातं. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट हे व्यवसायाचा हिशेब-साठा सांभाळणारं सॉफ्टवेअर पायथनमध्येच लिहिलेलं आहे आणि त्याचा कोड खुला आहे. तिला तो वाचायला सांगा, महाविद्यालयात मिळणार नाही असं शिक्षण आहे.

एक विषय भाषांच्या तुलनांत जवळजवळ कधीच येत नाही आणि तुमच्या कामात रोज येईल. तो म्हणजे मराठी मजकूर. "मराठी" हा शब्द घ्या. वाचणाऱ्याला तीन अक्षरं दिसतात. पायथन आणि जावास्क्रिप्ट त्याची लांबी पाच सांगतात, कारण म, र, काना, ठ आणि वेलांटी ही पाच चिन्हं साठवलेली असतात. पीएचपीचं लांबी मोजणारं साधं स्ट्रलेन पंधरा सांगतं, कारण ते बाइट मोजतं आणि यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. त्या मोजणीने मुलाचं नाव कापलंत तर चिन्हाच्या मधोमध कात्री बसते आणि निकालपत्रावर नावाच्या शेवटी प्रश्नचिन्हाचा काळा चौकट येतो. पीएचपीत एमबी नावाने सुरू होणारी फंक्शनं वापरा, आणि वाचणाऱ्याला दिसणारी अक्षरं मोजायची तर इंटल एक्स्टेंशनमधली ग्राफीमची. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये टेबलं यूटीएफ८एमबी४ ठेवा. जुनं यूटीएफ८ फक्त तीन बाइटांपर्यंत जातं, म्हणजे मराठी त्यात मावते आणि सगळं ठीक आहे असं वाटतं. मग एखादी पालक-माता अभिप्रायात एक इमोजी टाकते आणि नोंद अडते.

आकड्यांची गंमत आणखी महत्त्वाची. सरांच्या टायपिस्टने गुण देवनागरी अंकांत भरले तर? "१२" हा मजकूर पायथनचं इंट बिनतक्रार बारा म्हणून घेतं. जावास्क्रिप्टचं नंबर "हा आकडाच नाही" असं सांगतं. पीएचपीचं इंट मात्र मुकाट शून्य धरतं. मुकाट शून्य सगळ्यात वाईट, कारण कुठे चूक दिसत नाही आणि मुलाचे बारा गुण जातात. माहिती आत येतानाच देवनागरी अंक इंग्रजी अंकांत बदलून घ्या आणि मगच तपासा. यादी लावतानाही बघा. संगणकाच्या क्रमांकांनुसार ळ हा ल आणि व यांच्या मध्ये येतो, आपल्या वर्णमालेत तो ह नंतर. पीएचपीच्या इंटलमधला कोलेटर आणि जावास्क्रिप्टचं इंटल हे दोन्ही भाषेप्रमाणे क्रम लावू शकतात, त्यांना मराठी सांगायला विसरू नका.

रुबी ही भाषा तुम्ही विचारली नाहीत, पण २००४ च्या रेल्स या तिच्या फ्रेमवर्कने सगळ्यांना वेबचं काम नीटनेटकं करायला शिकवलं आणि लाराव्हेलवर तिची छाप स्पष्ट आहे. वाचनासाठी जरूर बघा. सांगलीत तुमच्यामागे ती सांभाळणारा मिळणं कठीण. पर्ल ही जुनी भाषा तर आता नव्या कामाला फारसं कुणी घेत नाही, तरी तुमच्या जुन्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात कोहा हे पुस्तकांच्या नोंदींचं सॉफ्टवेअर असेल तर त्याच्या पोटात पर्लच आहे. चांगलं लिहिलेलं आणि लोकांनी सांभाळलेलं सॉफ्टवेअर भाषेची चलती ओसरल्यावरही टिकतं.

वेगाबद्दल थोडक्यात. तुमचं पान हळू उघडत असेल तर दहातल्या नऊ वेळा कारण डेटाबेसमध्ये नसलेला इंडेक्स (शोधसूची) किंवा चार एमबीचा फोटो हेच असतं. भाषा बदलून त्यातलं काही सुटत नाही.

करारात एक ओळ मात्र घाला. पीएचपीच्या प्रत्येक आवृत्तीला आता साधारण चार वर्षं सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात, पायथनच्या आवृत्तीला पाच, नोडच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला सुमारे अडीच. या बाबतीत पायथन पुढे आहे हे मान्य करायला हवं. म्हणजे कुठलीही भाषा घेतली तरी काही वर्षांनी आवृत्ती बदलायचं काम येणारच. ते देखभालीच्या वार्षिक करारात (एएमसी) आत्ताच लिहा, दर वर्षाच्या रकमेसह. डोमेन आणि होस्टिंग गिऱ्हाइकाच्या नावावर घ्या, पासवर्ड त्यांच्याकडे लिहून द्या, आणि साइट नव्या सर्व्हरवर कशी उभी करायची याचं एक पान मराठीत लिहून कोडसोबत ठेवा.

या आठवड्यात सतारमेकरांचं काम सुरू करा, ते तुम्हाला आत्ताच येतं. मार्केट यार्डात सौद्याच्या वेळेला एकदा उभे राहा, आणि बोलीबद्दल व्यापारी काय म्हणतात ते मला लिहा. ती फोनवरूनच लावायची असेल तर किंमत सांगण्याआधी लिहा. नोडमध्ये ते काम कसं मांडायचं आणि त्यासाठी किती मागायचं, ते आपण सविस्तर बघू.